चपलेचा तळ झिजतो, मग टाच जाड का होते? त्वचेतल्या मूलपेशींना दाब आणि ताण कसा कळतो, त्याची गोष्ट

चप्पल रोज घासली की तळ पातळ होतो. विळ्याची मूठ गुळगुळीत होते. सायकलच्या टायरची नक्षी पुसली जाते. घासलं की झिजतं, हा आपण लहानपणापासून पाहिलेला नियम. पण तीच चप्पल वर्षानुवर्षं घालणाऱ्या माणसाची टाच बघा. तीही घासतेय, तिच्यावरही वजन पडतंय, आणि ती मात्र पातळ होण्याऐवजी जाड होत चाललीय. असं का?

भंडारा जिल्ह्यात या प्रश्नाची उदाहरणं शोधायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. पावसाळ्यात धानाची रोवणी असते. बायका दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून पऱ्हे लावतात. दिवाळीच्या आगेमागे कापणी, म्हणजे हातात विळा. तुमसरकडे चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी, भंडारा शहरात पितळी भांड्यांचं जुनं काम, आणि गावोगावी घरी बसून बिड्या वळणारे हात. या प्रत्येकाच्या हाताला घट्टे आहेत, पण एकाच जागी नाहीत. विळा धरणाऱ्याचे घट्टे बोटांच्या मुळाशी, बिडी वळणारीचे अंगठा आणि तर्जनीच्या टोकाशी. हात नीट पाहिला तर माणूस काय काम करतो याचा बराच अंदाज येतो.

म्हणजे कातडीला नुसतं 'दाब आला' एवढंच कळत नाही. कुठे आला, किती आला, किती वेळा आला हेही कळतं, आणि त्या हिशोबाने ती स्वतःला वाढवते. हे कळतं कुणाला? उत्तर आहे, कातडीच्या तळाशी बसलेल्या मूलपेशींना. स्टेम सेल हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल, बहुतेक एखाद्या क्रीमच्या जाहिरातीत. त्या जाहिरातीकडे नंतर येऊ.

आधी कातडीचे मजले समजून घेऊ

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. अंगावर बहुतेक ठिकाणी तिची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते. तळहात आणि तळपायावर ती कितीतरी जास्त असते. या पातळ थरातही मजले आहेत. तळमजल्यावर जिवंत, विभागणाऱ्या पेशी. त्यांच्यातच मूलपेशी. तिथून पेशी वर सरकतात, वाटेत केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाने भरतात, चपट्या होतात, मरतात आणि शेवटी गळून पडतात. तळापासून वरपर्यंतचा हा प्रवास साधारण चार आठवड्यांचा किंवा त्याहून थोडा जास्त. ज्याला आपण कातडी म्हणून हात लावतो तो सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचाच असतो.

आता तळमजल्यावरच्या एका पेशीचा विचार करा. तिच्यापुढे ढोबळमानाने दोनच वाटा आहेत. एक, खालीच राहायचं आणि विभागत राहायचं. दोन, जागा सोडायची आणि वर निघायचं. एकदा वर निघालेली पेशी सहसा परत येत नाही. जेवढ्या गळतात तेवढ्याच तयार झाल्या तर कातडी आहे तशी राहते. जास्त तयार झाल्या तर जाड होते. कमी पडल्या तर जखम भरत नाही.

घट्टा पडतो तेव्हा नेमकं हेच गणित हललेलं असतं. रोजचा दाब आणि घर्षण यामुळे तळातल्या पेशी वेगाने विभागतात आणि वरचा मेलेला थर गळण्यापेक्षा जास्त वेगाने साठत जातो. चपलेचा तळ झिजतो कारण त्याच्याखाली कुणी राहत नाही. टाचेखाली मात्र वस्ती आहे.

यात एक बारकावा आहे. पहिल्यांदाच दिवसभर कुदळ चालवली तर घट्टा पडत नाही, फोड येतो. अचानक जोराचं घर्षण झालं की थर एकमेकांपासून सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. तोच जोर थोडा थोडा, रोज, आठवडेच्या आठवडे आला की पेशींना उत्तर द्यायला वेळ मिळतो. शिवाय कातडीची जागाही महत्त्वाची. टसर म्हणजे कोसा रेशमाच्या धंद्यात देशभरात पूर्वापार बायका उघड्या मांडीवर घासून सूत काढायच्या. मांडीची कातडी तळहातासारखी नसते, ती या घर्षणाने सोलून निघते. केंद्रीय रेशीम मंडळाने ही पद्धत बंद व्हावी म्हणून 'बुनियाद' नावाचं सूत काढायचं यंत्र आणलं. भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव हा कोशाच्या विणकामाचा जुना पट्टा आहे, तेव्हा हे उदाहरण इथल्या वाचकाला परकं वाटू नये.

पेशीला दाब कळतो कसा?

पेशीला डोळे नाहीत, मेंदू नाही. पण तिला खुंट्या आहेत. तळमजल्यावरची प्रत्येक पेशी खालच्या पातळ जाळीला इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी घट्ट धरून बसलेली असते. शेजारच्या पेशींनाही ती दुसऱ्या प्रकारच्या बटणांनी जोडलेली असते. पेशीच्या आत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाच्या दोऱ्या आहेत, आणि त्या या खुंट्यांना बांधलेल्या आहेत. बाहेरून ओढलं की दोरी ताणते. पेशी आतून स्वतःही दोरी ओढत असते, म्हणजे ती जमिनीची चाचपणी करत असते. जमीन घट्ट असेल तर दोरीला ताण येतो. भुसभुशीत असेल तर खुंटीच हलते आणि ताण येत नाही.

हा ताण केंद्रकापर्यंत, म्हणजे जिथे जनुकं आहेत तिथपर्यंत कसा पोचतो? यात एका प्रथिनाचं नाव सारखं येतं: याप. पेशी ऐसपैस पसरलेली असली, दोऱ्या ताणलेल्या असल्या की याप केंद्रकात शिरतं आणि वाढीची जनुकं चालू करतं. पेशी दाटीवाटीत चेपली गेली, ताण सैल पडला की याप बाहेर अडवलं जातं आणि वाढ थांबते. ताणामुळे याप कुठे बसतं हे इटलीतल्या स्टेफानो पिकोलो यांच्या गटाने २०११ साली दाखवलं आणि मग या विषयात संशोधनाचा पूर आला.

धान पिकवणाऱ्या घरात हे समजावणं सोपं आहे. नर्सरीत पऱ्हे दाटीने उभे असतात तोवर त्यांना फुटवे फारसे येत नाहीत. तेच पऱ्हे उपटून बांधीत अंतराने रोवले की जागा मिळते आणि फुटवे निघतात. पेशींचंही असंच, जागा मिळाली की वाढतात. अर्थात उपमा इथेच सोडलेली बरी. धानाला फुटवे येण्यामागे ऊन आणि खत आहे, पेशीच्या वाढीमागे दोऱ्यांचा ताण.

आणखी एक रस्ता आहे. पेशीच्या आवरणात काही दारं अशी असतात की आवरण ताणलं की ती उघडतात. पिएझो नावाची ही दारं आर्डेम पॅटापूटियन यांच्या गटाने २०१० मध्ये शोधली आणि २०२१ मध्ये त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत. आपल्याला स्पर्श कळतो तो बराचसा याच दारांमुळे.

चिकट ठिपक्यांवर बसवलेल्या पेशी

हे सगळं सांगायला ठीक आहे, पण सिद्ध कसं करणार? शरीरात तर हजार गोष्टी एकाच वेळी चालू असतात. रसायनं आहेत, रक्त आहे, शेजारी आहेत. फक्त जागेचा आणि ताणाचा परिणाम वेगळा काढायचा कसा?

फिओना वॉट या ब्रिटिश शास्त्रज्ञ गेली कित्येक दशकं याच प्रश्नामागे आहेत. १९८८ सालीच त्यांनी दाखवलं होतं की माणसाच्या त्वचेतली पेशी पसरू दिली नाही तर ती विभागणं सोडून वरच्या थरातल्या पेशीसारखी पिकायला लागते. २०१० मध्ये जॉन कॉनेली, वॉट आणि सहकाऱ्यांनी हा प्रयोग आणखी नेमका केला. त्यांनी काचेवर कोलॅजेनचे अतिसूक्ष्म गोल ठिपके छापले. एका ठिपक्यावर एकच पेशी बसेल, बाहेर पाय ठेवायला जागा नाही. काही ठिपके ५० मायक्रोमीटरचे, काही फक्त २० मायक्रोमीटरचे. आपला केस साधारण ७० ते १०० मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.

पेशी त्याच. खाद्य तेच. तापमान तेच. मोठ्या ठिपक्यावरच्या पेशी पसरल्या आणि मूलपेशीसारख्याच राहिल्या. छोट्या ठिपक्यावर आक्रसून बसलेल्या पेशी एका दिवसात पिकायला लागल्या. त्यांना कुणी औषध दिलं नव्हतं. फक्त जागा कमी दिली होती.

आता जमीन मऊ की कडक, या प्रश्नाकडे. इथे आपला महाराष्ट्राचा एक धागा आहे. २००६ साली 'सेल' या नियतकालिकात अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा एक निबंध आला. अस्थिमज्जेतल्या मूलपेशी मेंदूइतक्या मऊ जेलवर वाढवल्या तर त्या मज्जापेशींसारख्या व्हायला लागतात, स्नायूइतक्या जेलवर स्नायूसारख्या आणि कडक जेलवर हाडासारख्या, असं त्यात म्हटलं होतं. या विषयातला हा सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या निबंधांपैकी एक. त्याच्या चार लेखकांपैकी एक शमिक सेन. ते पुढे मुंबईत आले आणि पवईच्या आयआयटीत पेशींच्या याच यांत्रिकीवर प्रयोगशाळा चालवतात.

मग २०१२ मध्ये वॉट यांच्या गटाने माणसाच्या त्वचेतल्या मूलपेशी घेऊन या कथेला फाटा फोडला. त्यांनी दोन वेगळ्या पदार्थांच्या गाद्या वापरल्या. एका पदार्थात अपेक्षेप्रमाणे मऊ गादीवर पेशी पसरल्या नाहीत आणि पिकल्या. दुसऱ्या पदार्थात गादी कितीही मऊ केली तरी पेशींना फरकच पडेना. तेव्हा त्यांनी असं मांडलं की गादीच्या मऊपणापेक्षा गादीवर चिकटवलेला कोलॅजेनचा धागा किती जागी आणि किती घट्ट बांधलाय हे पेशी पाहते. खुंटी जमिनीत किती पक्की आहे, हा प्रश्न. यावर नंतर बरीच वादावादी झाली आणि अजून पूर्ण मिटलेली नाही. मला स्वतःला हा वाद आवडतो, कारण रीलमध्ये विज्ञान नेहमी एका ओळीत संपतं आणि प्रत्यक्षात ते असं रेंगाळत भांडत पुढे जातं.

फुगा घालून कातडी वाढवणारे सर्जन

शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी सर्जन हे वापरत होते. १९५७ मध्ये चार्ल्स न्यूमन या अमेरिकन डॉक्टरने कान दुरुस्त करायला जास्तीची कातडी हवी म्हणून कातडीखाली रबरी फुगा घातला आणि तो हळूहळू फुगवत नेला. वरची कातडी नुसती ताणली गेली नाही, नवीन तयार झाली. आज भाजल्याच्या जुन्या व्रणांवर हाच उपाय प्लास्टिक सर्जन करतात. शेजारच्या चांगल्या कातडीखाली सिलिकॉनची पिशवी ठेवायची, दर आठवड्याला तिच्यात सलाईन भरायचं, आणि काही महिन्यांनी वाढलेली कातडी व्रणाच्या जागी ओढून घ्यायची. गरोदरपणात पोटाची कातडी वाढते तेही थोडंफार याच वाटेने.

आत नेमकं काय होतं हे २०२० मध्ये बेल्जियममधल्या ब्रुसेल्सच्या सेड्रिक ब्लानपेन यांच्या प्रयोगशाळेने उंदरात एकेका पेशीचा माग काढून पाहिलं. ताण आला की मूलपेशींचा एक गट नेहमीची समसमान वाटणी मोडतो. जितक्या पेशी वर पाठवायच्या त्यापेक्षा जास्त खाली ठेवतो, म्हणजे मूलपेशीच वाढवतो. जमीन वाढली तर आधी शेतकरी वाढवायचे, असा काहीसा हिशोब.

खारघर ते ब्रुसेल्स

याच ब्रुसेल्सच्या प्रयोगशाळेतून २०२४ साली 'सेल'मध्ये जखमेबद्दलचा एक मोठा निबंध आला. पहिलं नाव राहुल सराटे. हेच नाव २०१६ मध्ये 'स्टेम सेल्स' नियतकालिकातल्या एका निबंधावरही पहिलं होतं, आणि ते काम झालं होतं नवी मुंबईत खारघरला, टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रातल्या संजीव वाघमारे यांच्या प्रयोगशाळेत. विषय होता केसांच्या मुळाशी असलेल्या मूलपेशी. कॅन्सरच्या संस्थेत केसांच्या मुळांवर काम कशाला, असं वाटेल. पण मूलपेशी कधी थांबते आणि कधी सुटते हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. म्हणूनच याप 'चालू ठेवा' आणि जखम भरा, इतकं हे सोपं नाही. अनेक कॅन्सरमध्ये हेच याप बेलगाम चालू असतं.

२०२४ च्या कामात सराटे आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या त्वचेच्या तळमजल्यावरच्या काही पेशी ठरवून नष्ट केल्या आणि उरलेल्या काय करतात ते जिवंत उंदरातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. एरवी तळमजला म्हणजे आठवडी बाजारातली अशी गर्दी, की माणूस जागचा हलू शकत नाही. प्रत्येक पेशी आपल्या शेजाऱ्यांमध्ये अडकलेली. भौतिकशास्त्राच्या भाषेत घन अवस्था. जखम झाली की हीच गर्दी सुटते. पेशी शेजारी बदलतात, एकमेकींना ओलांडून पुढे सरकतात, थर पातळ द्रवासारखा वाहायला लागतो. जखम झाकली गेली की हळूहळू पुन्हा घट्ट होतो. या वाहण्याच्या काळातच मूलपेशींमध्ये दुरुस्तीची खास जनुकं जागी होतात आणि ती अडवली तर दुरुस्ती बिघडते.

हे उंदरात. माणसाची जखम आणि उंदराची जखम यात फरक आहे. उंदराची कातडी सैल असते, त्याची जखम मोठ्या प्रमाणात आक्रसून मिटते. माणसात नवीन थर वाढावा लागतो. त्यामुळे 'शास्त्रज्ञांनी जखमा भरण्याचं रहस्य उलगडलं' असा मथळा दिसला तर आधी प्रयोग कुणावर झाला ते बघत जा.

माणसात काय झालं?

माणसात जे झालं ते मात्र खरोखर थक्क करणारं आहे. १९७५ साली जेम्स राइनवाल्ड आणि हॉवर्ड ग्रीन यांनी अमेरिकेत माणसाच्या त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायची पद्धत शोधली. १९८३ मध्ये अंगाची ९५ टक्क्यांहून जास्त कातडी जळालेल्या दोन लहान भावंडांवर ती वापरली. शरीरावर उरलेल्या चांगल्या कातडीचा छोटा तुकडा घेतला, त्याच्या चादरी वाढवल्या आणि निम्म्याहून अधिक अंग त्यांनी झाकलं. दोघंही वाचले. या चादरीला घाम येत नाही, केस येत नाहीत, आणि सुरुवातीचे महिने ती फार नाजूक असते, कारण खालच्या खुंट्या पक्क्या व्हायला वेळ लागतो.

खुंटीच नसेल तर काय होतं, हे जर्मनीतल्या एका सात वर्षांच्या मुलाच्या बाबतीत दिसलं. त्याला जन्मजात असा आजार होता की त्वचेला जमिनीशी बांधणारं लॅमिनिन ३३२ हे प्रथिनच नीट बनत नव्हतं. साधा हात लागला तरी कातडी सुटायची. २०१५ मध्ये बोखुम शहरातल्या सर्जननी आणि इटलीतल्या मिकेले दे लूका यांच्या गटाने त्याच्याच पेशी घेऊन त्यात योग्य जनुक घातलं, चादरी वाढवल्या आणि अंगावरची सुमारे ८० टक्के बाह्यत्वचा बदलली. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पाच वर्षांनीही ती त्वचा टिकून होती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी गंमत २०१९ मध्ये कळली. दे लूका यांच्याच गटाने पाहिलं की या आजारात कातडी सुटते एवढंच होत नाही, मूलपेशीही संपत जातात. कारण? खुंटी नाही, म्हणून ताण नाही. ताण नाही, म्हणून याप केंद्रकात जात नाही. याप नाही, म्हणून पेशी मूलपेशी राहत नाही. लॅमिनिन परत आणलं की याप परत केंद्रकात. काचेवरच्या ठिपक्यांनी सुरू झालेली गोष्ट इथे एका मुलाच्या अंगावर खरी ठरली.

वय वाढलं की आपल्या सगळ्यांच्या बाबतीत याचंच सौम्य रूप घडतं, असं जपानच्या एमी निशिमुरा यांच्या गटाचं २०१९ चं काम सुचवतं. जमिनीला धरून ठेवणारं एक कोलॅजेन ज्या पेशीत कमी होतं ती तळमजल्यावरून ढकलली जाते, घट्ट धरलेली टिकते.

असे उपचार आज जगात मोजक्या ठिकाणीच होतात. आपल्याकडे चुलीवर किंवा स्टोव्हवर भाजलेल्या रुग्णासाठी हाताशी असलेली गोष्ट म्हणजे त्वचापेढी. देशातली पहिली त्वचापेढी २००० साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने सुरू झाली. भंडाऱ्याला जवळचं म्हणजे नागपूर, तिथेही त्वचापेढी आहे. लोकांचा एक गैरसमज असतो की दान केलेली त्वचा रुग्णाच्या अंगावर कायमची वाढते. तसं नाही. ग्लिसरॉलमध्ये साठवलेल्या त्या त्वचेत जिवंत मूलपेशी नसतात. ती काही आठवडे पट्टीचं काम करते, पाणी आणि संसर्ग रोखते, वेदना कमी करते. तोवर रुग्णाच्या स्वतःच्या पेशींना वेळ मिळतो. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत, मांडी-पाठीवरून अगदी पातळ थर काढतात. रक्तगट जुळावा लागत नाही, आणि चेहऱ्याला हात लावत नाहीत.

आता ती क्रीम

'अ‍ॅपल स्टेम सेल', 'प्लांट स्टेम सेल' अशी नावं असलेल्या क्रीममध्ये जिवंत मूलपेशी नसतात. वनस्पतीच्या पेशींचा अर्क असतो. आणि समजा जिवंत असत्या तरी सफरचंदाच्या पेशीला माणसाच्या इंटिग्रिनशी काय देणंघेणं? क्रीमने वरचा मेलेला थर मऊ होतो, ओलावा टिकतो, एवढं ठीक. तळमजल्यावर ती नवे भाडेकरू आणून ठेवत नाही. आणि क्लिनिकमध्ये मूलपेशींची इंजेक्शनं देणाऱ्यांबद्दल: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशींचे बाकी उपचार प्रायोगिक मानले जातात, आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

रेशनच्या मशीनवर न उमटणारा अंगठा

शेवटी परत हातांकडे येऊ, कारण भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात या सगळ्या विज्ञानाचा सगळ्यात रोजचा परिणाम रेशन दुकानात दिसतो. अंगठा मशीनवर ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, पुन्हा लाल. धान रोवणारे, विटा उचलणारे, बिड्या वळणारे आणि म्हातारी माणसं यांचे ठसे उमटत नाहीत ही देशभरातली जुनी तक्रार आहे.

होतं काय, तर तेंदूच्या पानाची धार, तंबाखूची भुकटी, चिखल, सिमेंट यांनी बोटावरच्या रेघांचा उंचवटा रोज घासला जातो. एकीकडे घट्टा जाड होतो, दुसरीकडे त्याचा पृष्ठभाग सपाट आणि भेगाळ होतो. मशीनला रेघा हव्या असतात, तिला मिळतो गुळगुळीत घट्टा. रोवणीत हात सतत पाण्यात असतात तेव्हा मेलेला थर फुगतो, बोटं सुरकुततात आणि ठसा आणखी बिघडतो.

पण ठसा पुसला जात नाही. बोटांच्या रेघांचा साचा आईच्या पोटात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून तयार होतो आणि तो वरच्या थरात नसून खाली, बाह्यत्वचा आणि तिच्या खालच्या थराच्या सांध्यात असतो. मूलपेशी त्या साच्यातच बसलेल्या असतात. त्यामुळे वरचं कितीही झिजलं तरी तळमजला पुन्हा त्याच रेघा बांधतो. हाताला तीन-चार आठवडे विसावा आणि रोज रात्री तेल किंवा व्हॅसलीन मिळालं तर बहुतेकांच्या रेघा बऱ्यापैकी परत दिसतात. खोल भाजलं किंवा खोल कापलं, साच्यालाच इजा झाली, तरच कायमचा फरक पडतो. हातावर पोट असलेल्या बाईला चार आठवडे विसावा कोण देणार, हा प्रश्न मात्र जीवशास्त्राचा नाही.

म्हणून काही कामाच्या गोष्टी. आधारमध्ये फक्त अंगठा नसतो, दहाही बोटं, दोन्ही डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा नोंदवलेला असतो. ज्या बोटाने काम कमी होतं, उदाहरणार्थ डाव्या हाताची करंगळी किंवा अनामिका, ते आधी लावून पाहा. आधार केंद्रात बायोमेट्रिक नव्याने घ्यायचं असेल तर रोवणी किंवा कापणीच्या ऐन हंगामात जाऊ नका, मधल्या मोकळ्या आठवड्यांत जा. मोबाईल नंबर जोडलेला ठेवा, म्हणजे जिथे ओटीपी चालतो तिथे मार्ग उरतो. आणि ठसा जुळला नाही एवढ्याच कारणाने धान्य नाकारता येत नाही. आधार प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात अशा वेळी दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून लाभ द्यावा, असं सांगितलेलं आहे. त्या परिपत्रकाची तारीख मोबाईलमध्ये लिहून ठेवा आणि दुकानात दाखवा.

घट्ट्यांचं म्हणाल तर ब्लेडने कापू नका, विशेषतः मधुमेह असेल तर अजिबात नाही. पायाला संवेदना कमी असताना झालेली छोटी जखम महिनोन्‌महिने चिघळते. कोमट पाण्यात पाय बुडवून, मऊ झालेला थर हलक्या हाताने दगडाने घासा. विळ्याच्या मुठीला कापड गुंडाळलं, चपलेत मऊ तळ घातला की दाब कमी होतो आणि काही आठवड्यांत तळमजल्यावरच्या पेशी आपोआप कामाचा वेग उतरवतात.